सतरा आणि अठरा नंबर

ऐका ना गं, मधे बोलू नका!

तर सोनोग्राफीच्या वेटिंग रूममध्ये मी बसलेली. पोटात लिटरभर पाणी, मुठीत सतरा नंबरचं टोकन. आणि शेजारी... तो. एक गुडघा सारखा हलतोय.

"कोणाला घेऊन आलात?" त्याने विचारलं.

आता काय सांगू? सव्विसाव्या वर्षी किडनीचा कॅन्सर झाला, डावी किडनी काढली, आज दोन वर्षांची तपासणी आहे... असं? मागे एकाला सांगितलं, तर "काळजी घे" म्हणून जो गायब झाला, तो झालाच! मी सरळ थाप मारली.

"मावशीला. तुम्ही?"

"आजोबांना." त्याने पलीकडे पेंगणाऱ्या गृहस्थांकडे बोट दाखवलं.

मग गप्पा... तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो.

"तुमचे डोळे..." म्हणाला आणि अडखळला.

"बिघडलेत?"

"छे! एकदम... बरोबर आहेत."

मी हसले. आणि बाई गं, ते लिटरभर पाणी!

"हसवू नका ना!"

"तुम्हीपण!"

तेवढ्यात आजोबा उठले. याने लगबगीने हात दिला, "सावकाश, आजोबा."

आजोबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तू कोण रे बाबा?"

मी तोंड दाबून हसतेय, तोच नर्सबाई ओरडल्या, "सतरा नंबर! पेशंट कुठाय?"

झालं. मावशी कुठून आणू?

"मीच," मी उठले. "डावी किडनी. दोन वर्षं झाली काढून." आता हाही काळजी घे म्हणणार...

त्याने हळूच मूठ उघडली. अठरा नंबर!

"माझी उजवी. तीन वर्षं." मग कानापर्यंत लाल होत, "म्हणजे दोघांत मिळून... जोडी पूर्ण."

"जोडी नंतर जमवा, आधी आत या!" नर्सबाई म्हणाल्या.

माझं सगळं स्वच्छ निघालं. पण मी गेलेच नाही. त्याचं होईपर्यंत बसून राहिले. माझ्या वेळी घाबरले नव्हते एवढी घाबरले गं! तो बाहेर आला. चेहरा गंभीर.

"काय... काय म्हणाले?"

"आधी बाथरूम!" आणि धूम पळाला.

परत आला तो हसतच. "स्वच्छ!"

काउंटरवर पुढची तारीख मिळाली, सहा महिन्यांनंतरची. आणि मी, हो, मीच म्हटलं, "आम्हाला लागोपाठचे नंबर द्या."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पण... तोपर्यंत?"

"तोपर्यंत माझे डोळे तपास."

"ते बरोबर आहेत, म्हटलं ना मघाशी."

"मग परत बघ. जरा जवळून."