किल्ली घरच्यांनाच सोडतात

घंटी वाजली तेव्हा यूपार गालाला तनाखा लावत होती. एक गाल त्या चंदनासारख्या लेपानं माखलेला, दुसरा कोरा – आणि तशीच ती गॅलरीत धावली.

यांगोनच्या त्या गल्लीत प्रत्येक मजल्यावरून एकेक दोरी खाली लोंबते. वरच्या टोकाला घंटी, खालच्या टोकाला चिमटा. खालून ओढली की वर वाजते. पेपर, भाजी, औषधं, सगळं दोरीनंच वर चढतं. उगाच जिने कोण चढणार?

खाली एक उंच तरुण मान वर करून उभा होता. चिमट्यात पेपर लावलेला.

"आम्ही पेपर घेत नाही हो," यूपार म्हणाली.

"दॉ चो मावशींचं घर ना?"

"मावशी खालच्या मजल्यावर. त्यांची दोरी हिरवी, आमची निळी. रंग दिसत नाहीत का तुम्हाला?"

"वर बघेपर्यंत दिसत होते..."

यूपारचा कोरा गाल तापला. माखलेल्याचं कुणाला कळणार होतं!

"चूक झाली," तो हसला. "किल्ली सोडा, वर येऊन माफी मागतो."

"खालच्या दाराची किल्ली आम्ही घरच्यांनाच सोडतो. तुम्हाला तुमचा पेपर परत मिळतोय, त्यातच समाधान माना."

तो पाइंग. दॉ चो मावशींचा भाचा, कोपऱ्यावर फोन दुरुस्त करणारा. पण फोन दुरुस्त करून तरी उपयोग काय? लष्करानं सत्ता हातात घेतली आणि पहिलं काय केलं, तर फोनवरचं इंटरनेट तोडून टाकलं. कुणी कुणाशी बोलू नये, म्हणजे कुणी ओरडणारही नाही, असा हिशेब.

यूपारच्या घरी तर जीव टांगणीला लागला होता. तिचा भाऊ तेझा दूरच्या समुद्रात जहाजावर होता. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा, मग आई जेवायची. आता फोन मुका झाला, आणि आईनं ताट बाजूला सारायला सुरुवात केली. "त्यानं खाल्लं की नाही ते कळू दे आधी," एवढंच म्हणायची. तिची मनगटं काडीसारखी झाली होती.

संध्याकाळचे आठ वाजले की गल्ली भांडी बडवायची. घरातली पिडा अशीच आवाज करून हाकलायची, ही तिथली जुनी रीत. आता अख्खं शहर एकाच पिडेसाठी बडवत होतं. दॉ चो मावशी कढईवर डाव आपटत म्हणायच्या, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय होय?" खाली पाइंग झाकणावर झाकण वाजवायचा, आणि बघायचा मात्र वर, निळ्या दोरीकडे. यूपार मुद्दाम चुकीच्या तालावर वाजवायची. तो हसून ताल बदलायचा.

एक दिवस त्यानं गल्लीत सांगितलं, "सीमेवरच्या गावी जातोय. तिथं नदीपलीकडच्या देशाचा सिग्नल मिळतो. ज्यांना निरोप द्यायचेत त्यांनी नंबर द्या."

भराभर दोऱ्या उतरल्या. यूपारनंही तेझाचा नंबर चिमट्याला लावला... आणि दोरी अर्ध्यावरच धरून ठेवली.

"सोडा ना," पाइंग म्हणाला.

"वाटेत सैनिक फोन उघडून बघतात म्हणे."

"माझा फोन नापीच्या डब्यात जाणार आहे. मावशीनं आंबवलेली मासळी! झाकण उघडणारा स्वतःच पळेल."

"चेष्टा नको, पाइंग. सापडलात तर?"

"तर ही चूक तुमच्या खात्यावर. मला चुकीची दोरी ओढायला कुणी लावली?"

तिला हसू येईना. आईसाठी तो जायला हवा होता, आणि तिला तर तो जायलाच नको होता. शेवटी तिनं दोरी सोडली.

आठवडा उलटला. आठच्या गजरात खालचं झाकण वाजत नव्हतं. आता एका घरात दोघांची वाट बघणं चालू होतं. आईला एकाची माहिती होती... निदान यूपारला तसं वाटत होतं.

मग एका सकाळी घंटी वाजली. यूपारनं दोरी ओढून घेतली. चिमट्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोन होता, आणि त्याला असा वास, की शेजारच्या मांजरीनं गॅलरीत उडी मारली.

"हिरवं बटण दाबा," खालून आवाज आला.

तेझाचा रेकॉर्ड केलेला आवाज घरात भरला. "अमे, मी बरा आहे. पोटभर जेवतो. तू जेवतेस ना? जेव गं."

आई फोन छातीशी धरून रडली, वासाबिसाचं तिला काही नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "भात वाढ." आणि जेवली. एकेक घास बघताना यूपारला वाटलं, या माणसाचे उपकार कसे फेडायचे?

खाली तर जत्राच भरली होती. हिरवी, लाल, पिवळी, सगळ्या दोऱ्या उतरत होत्या. आंबे, विडे, चहापानांची कोशिंबीर. पाइंग मधोमध उभा, हात भरलेले, ओशाळलेला, सुकलेला. यूपारनंही डबा भरायला घेतला. मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवया, वर तळलेला भोपळा, वर अंडी.

"एवढं चिमट्याला पेलणार आहे का?" आई म्हणाली. "बाईगं, आठवडाभर तू कुणासाठी गॅलरीत उभी होतीस, ते मला दिसत नव्हतं का?"

यूपारनं डबा खाली ठेवला. खिळ्यावरचं काहीतरी काढलं, चिमट्याला लावलं आणि निळी दोरी हळूहळू सोडली.

पाइंगनं हातातले आंबे खाली आलेल्या मावशीच्या ओंजळीत टाकले. चिमट्यात किल्ली होती.

त्यानं ती तळहातावर घेतली. "चुकून आली का ही?" त्यानं वर बघून विचारलं.

"नाही," यूपार कठड्यावर वाकली. आज दोन्ही गाल कोरे होते, लपवायला काही नव्हतं. "मोहिंगा निवतोय. ये लवकर वर."