पट्टे कापलेलं हेल्मेट

कचकन कात्री चालली आणि हेल्मेटचा दुसरा पट्टाही तुटून उल्काच्या मांडीवर पडला... नेमकी त्याच क्षणी जाई खोलीतून बाहेर आली!

“मावशी! हे काय केलंस? आज सेमीफायनल मॅच आहे माझी!”

पासिर रिस उपनगरातल्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये तिचा आवाज असा कडाडला, की उल्काच्या हातातली कात्रीच गळून पडली. ते पांढरंशुभ्र, नाजूक घडणीचं आइस हॉकीचं हेल्मेट म्हणजे पोरीचा जीव की प्राण! त्यावर तिनं स्वतःच्या हातानं निळ्या वेली रंगवल्या होत्या, आणि मागे आपल्या दिवंगत आईचं नाव लिहिलं होतं... मधुरा.

“आईचं नाव खुपलं ना तुला? सावत्र ती सावत्रच!”

उल्काच्या काळजात चर्र झालं. मागच्याच आठवड्यात सरावात जाई मागच्या मागे बर्फावर डोकं आपटून पडली होती. डॉक्टरांनी तपासून खेळायची परवानगी दिली, तेव्हा तिनंच उल्काच्या गळ्यात पडून गयावया केली होती, “बाबाला सांगू नकोस ना, तो हॉकीच बंद करेल!” आणि उल्कानं वचन दिलं होतं. पण हेल्मेटचं काय? जाईचे बाबा, निशिकांत, जहाजावर इंजिनिअर. लग्नानंतर एका सफरीत उल्का त्यांच्याबरोबर गेली होती, तेव्हा तिनं पाहिलं होतं, की जबर मार खाल्लेल्या हेल्मेटवर वरून ओरखडाही नसला, तरी आतून ते निकामी झालं समजून खलाशी त्याचे पट्टे कापूनच टाकतात. चुकूनही पुन्हा कुणी डोक्यावर चढवू नये म्हणून! हे तिनं जाईला परोपरीनं समजावलं. पोरीनं मान डोलावली, आणि सकाळी तेच हेल्मेट गुपचूप बॅगेत भरलं.

उल्कानं नवं हेल्मेट पुढे केलं. जाईच्या मापाचं दुकानात तेवढंच होतं, नारिंगी आणि भलंथोरलं.

“हे? डोक्यावर भोपळा! सगळे हसतील ला!” असं तिथल्या मुलांसारखा शेवटी ‘ला’ जोडत म्हणून जाईनं रागारागानं बाबांना व्हिडिओ कॉल लावला. “बघ बाबा, हिनं काय केलं!”

निशिकांतचं लक्ष आधी गेलं ते त्या निळ्या अक्षरांकडे. त्यांचा चेहरा काळवंडला. “उल्का... मधुराचं नाव होतं गं त्यावर. का केलंस असं?”

जाई एकदम पांढरीफटक पडली. मावशीच्या तोंडून आता एक शब्द निघाला, की हॉकी संपली! उल्कानं तिच्याकडे पाहिलं... आणि तो विषाचा घोट स्वतःच पिऊन टाकला.

“चुकलं माझं,” ती पुटपुटली, “मला... मला ते आवडत नव्हतं.”

“तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

जाईचा जीव भांड्यात पडला खरा, पण रागाचा पारा काही उतरला नाही. एमआरटी मेट्रोत ती मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. नारिंगी हेल्मेट मात्र बरोबर न्यावंच लागलं, दुसरा इलाजच नव्हता.

बर्फाच्या रिंकवर काय तो जल्लोष! काय ती शीळ, काय त्या घोषणा! दोन्ही संघ बरोबरीत आणि खेळ संपत आलेला. जाई वाऱ्यासारखी सुटली, एकीला चकवलं, दुसरीला चकवलं... शेवटच्या क्षणी तिनं चकती मैत्रिणीकडे ढकलली... गोल! आणि त्याच क्षणी समोरून आलेली धिप्पाड मुलगी तिच्यावर आदळली. जाई उलटी फेकली गेली आणि डोक्याची मागची बाजू बर्फावर खाडकन आपटली!

“जाई!” उल्का काचेवर दोन्ही हात आपटत किंचाळली.

पुढच्याच क्षणी जाई हलली! उठून बसली, हातवारे करून “ठीक आहे” म्हणाली. कोचनं तिला पुन्हा खेळू दिलं नाही, तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं. संघ जिंकला होता, पण जाईच्या डोळ्यांसमोर एकच होतं. आज डोक्यावर ते पांढरं हेल्मेट असतं तर?

उल्का धावत जवळ पोचली, तसा जाईनं बाबांना स्पीकरवर फोन लावला.

“बाबा, मावशी खोटं बोलली. मी मागच्या आठवड्यात पडले होते... हेल्मेट निकामी झालं होतं. तुला कळू नये म्हणून मीच तिला शपथ घातली. आजही पडले, पण हिच्यामुळे वाचले! हॉकी बंद कर हवं तर, पण तिला बोलू नकोस रे...” हुंदके अनावर झाले.

“पट्टे कापलेले डोळ्यांनी पाहिले मी,” निशिकांत म्हणाले. “माझ्या तर तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं! क्षमा कर उल्का... पण जाई, आता हा खेळ पुरे बाळा.”

जाईनं मान खाली घातली. आणि आजवर नवऱ्यापुढे कधी आवाज न चढवलेल्या उल्कानं फोन तिच्या हातून हिसकावून घेतला!

“पुरे काय, अहो? पोरगी फायनलला पोचलीय! डॉक्टरांनी हो म्हटलं, की ती खेळणार म्हणजे खेळणार! तुम्ही त्या दिवशी कुठल्या बंदरात असाल, तेवढं सांगा, व्हिडिओवर मॅच दाखवते!”

पलीकडून निशिकांतचं मोकळं हसू ऐकू आलं. जाईनं ओल्या जर्सीसकट उल्काला घट्ट मिठी मारली, आणि दोघी तिथेच, सगळ्यांसमोर, हसत हसत रडत राहिल्या.