टाकीच्या दारात उरलेली जोडी

"मी लिंबूटिंबू नाहीये!" पिटुकली पलंगावर उभी राहून ओरडली. "मलाही टोळीत घ्या!"

"हळू! शेजारी झोपलेत!" भोंगा म्हणाला. पण हे तो ज्या आवाजात म्हणाला, त्याने शेजारचं बाळ खडबडून जागं झालं आणि रडायला लागलं. भोंग्याला सगळे भोंगा म्हणत ते काही उगीच नाही.

ती सुट्टी आठवली की तिघांच्याही नाकात आजसुद्धा ओल्या रबराचा वास येतो. तेव्हा मोबाइल नव्हते. सुट्टी लागली की पोरांना आत्याकडे सोडायचं आणि शाळा उघडायच्या आधी परत न्यायचं, एवढीच व्यवस्था असे. ताई आणि पिटुकली सख्ख्या बहिणी, भोंगा त्यांचा चुलतभाऊ आणि आत्या तिघांची मिळून एकच. ती कॉलेजात गणित शिकवायची आणि गणितातही तिचा खास विषय मोजण्याचा!

"कॉलेजातल्या मुलांना मोजता येत नाही?" भोंग्याने एकदा तोंडावर विचारलं होतं.

"येतं ना. न मोजता कसं मोजायचं, ते येत नाही," आत्या म्हणाली होती. भोंग्याला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण उत्तर भारी वाटलं होतं.

तर त्या दिवशीचं भांडण टाकीवरून होतं. गावाला पाणी पुरवणारी ती जुनी टाकी टेकडीच्या पोटात होती. दुरुस्तीसाठी ती रिकामी केली होती आणि पुन्हा भरण्याआधी थोडे दिवस लोकांना आतून पाहायला उघडली होती. आज शेवटचा दिवस! संध्याकाळी पाणी सोडणार होते. ताईचं म्हणणं होतं की आतल्या अंधारात पिटुकली भोकाड पसरेल, तेव्हा तिने घरीच राहावं.

"थांबा," आत्या म्हणाली. "आधी एका कोड्याचं उत्तर द्या, मग भांडा. तुम्हा तिघांतून जेवढ्या वेगवेगळ्या टोळ्या होतील तेवढ्या मनात आणा. एकटी ताई, ही पण टोळी. ताई आणि भोंगा, ही पण. आणि कोणीच गेलं नाही, तर ती रिकामी टोळी. तिला सम धरा. आता सांगा, सम माणसांच्या टोळ्या जास्त होतील की विषम माणसांच्या?"

भोंगा लगेच बोटांवर मोजायला लागला.

"बोटं खाली! मोजायचं नाही."

"मग सांगायचं कसं?"

"तुम्ही काय, मलाच काढून टाकणार टोळीतून!" पिटुकली फुरंगटून म्हणाली. "नेहमी मलाच काढता!"

ताई काहीतरी बोलणार होती, ती एकदम थांबली. मग तिने टाळीच वाजवली.

"अगं, तेच करायचं! पिटुकली असलेली टोळी घ्यायची आणि तिला काढायचं. पिटुकली नसलेली टोळी घ्यायची आणि तिला आत टाकायचं! एका माणसाचा फरक पडला की समची विषम होते आणि विषमची सम. म्हणजे प्रत्येक सम टोळीला एक विषम टोळी जोडीला मिळते. कोणी उरत नाही. दोन्ही सारख्याच!"

"किती झाल्या एकूण?" आत्याने डोळे बारीक करून विचारलं.

"मोजल्याच नाहीत!"

"शाब्बास! आणि शंभर पोरं असती तर?"

"तरी सारख्याच," ताई म्हणाली. "फक्त त्यात एक पिटुकली पाहिजे."

हे ऐकून पिटुकली इतकी फुगली की आता तिला घरी ठेवायची कोणाची छाती होणार?

दुपारी आत्याने तिघांना टाकीच्या फाटकाशी सोडलं. "कॉलेजातलं काम उरकून येते. मी येईपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही," असं बजावून ती गेली.

टाकीच्या लोखंडी दारापाशी लाकडी कप्प्यांची मोठी मांडणी होती. पिण्याच्या पाण्याची टाकी, त्यामुळे बाहेरची चप्पल आत न्यायची नाही, असा कडक नियम होता. प्रत्येक कप्प्यात धुतलेल्या गमबुटांची एक जोडी. ती काढून पायात घालायची आणि आपल्या चपला त्याच कप्प्यात ठेवायच्या. बाहेर आल्यावर उलट करायचं. पिटुकलीचे पाय गमबुटांत असे बुडाले की ती चालताना बूट आधी निघायचे आणि ती मागून!

दारात वॉचमनकाका स्टुलावर बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांत माणसं मोजायची एकेक छोटी यंत्रं होती. माणूस आत गेला की उजव्या हातात टिक, बाहेर आला की डाव्या हातात टिक. कान मात्र मांडीवरच्या रेडिओत होते, कारण मॅच रंगात आली होती. तोंडं बघायला त्यांना सवड नव्हती. डोकं दिसलं की टिक!

आत गेल्यावर तिघांची बडबड बंद पडली. जिकडे पाहावं तिकडे विटांचे उंच खांब, त्यांच्यावर कमानी आणि मधूनमधून टांगलेले पिवळे दिवे. हवा गार, पायाखाली थोडंसं पाणी. भोंग्याने नुसतं "ओ!" म्हटलं तर चारी बाजूंनी कितीतरी भोंगे "ओ! ओ! ओ!" करत परत आले. पिटुकली घाबरली नाही. घाबरली ती ताई, पण तिने ते पुढे कितीतरी वर्षं कबूल केलं नाही.

वेळ संपल्याची घंटा झाली. सगळे भराभर बाहेर आले. आपापल्या कप्प्यांशी गर्दी, धक्काबुक्की, "अहो, ही माझी चप्पल!" आणि बघता बघता आवार रिकामं झालं. तिघं समोरच्या बाकावर आत्याची वाट बघत बसली. वॉचमनकाकांनी दोन्ही यंत्रं जवळ धरून पाहिली, मान डोलावली, आतले दिवे घालवले आणि दाराला भलंमोठं कुलूप ठोकलं.

"ताई," पिटुकली म्हणाली, "त्या कप्प्यात अजून बूट आहेत."

खरंच! सगळ्या कप्प्यांत गमबूट परत आले होते. एका कप्प्यात मात्र निळे कापडी बूट तसेच होते. लहानसे, झिजलेले, पण स्वच्छ धुतलेले. लेस नीट आत खोचलेल्या. आणि मांडणीच्या खाली जमिनीवर गमबुटांची एक जोडी पडली होती.

"काका! कोणीतरी आत राहिलंय!" भोंगा ओरडला.

"ए, कान फोडशील माझे!" काका दचकले. "कोणी राहिलं नाही. हे बघ, इकडचा आकडा आणि तिकडचा आकडा. एकाचासुद्धा फरक नाही! आणि गमबूटही सगळे आलेत. वरचे कप्प्यात, एक जोडी खाली. कोणीतरी घाईघाईत बूट विसरून गेलंय झालं."

"अनवाणी?" ताईने विचारलं.

"जातात गं लोक! परवा एकजण छत्री विसरला, एकजण तर बायकोला विसरून फाटकापर्यंत गेला होता!" काका स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

ताई हसली नाही. तिने खालचे गमबूट उचलून कापडी बुटांशेजारी धरले. गमबूट हे एवढे थोरले, टाचांना ओलं सिमेंट लागलेलं! कापडी बूट त्यांच्या निम्मेही नव्हते.

"काका, या बुटांचा माणूस त्या गमबुटांत चालूच शकणार नाही. ही जोडी जमतच नाही! हे गमबूट दुसऱ्याच कोणाचे तरी आहेत."

"किती माणसं आत गेली होती, सांग बघू?" काकांनी हात कमरेवर ठेवले.

"माहीत नाही."

"माहीत नाही! आणि मला हिशेब शिकवते!"

"ते माहीत असायची गरजच नाही!" ताईचा आवाज चढला. "आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपली एक जोडी कप्प्यात ठेवली. जो बाहेर आला तो आपली जोडी घेऊन गेला. जोडी उरली म्हणजे तिचा माणूस आत आहे! आकडे सारखे आले, कारण आत न गेलेला कोणीतरी बाहेर आला आणि त्याने त्याचे गमबूट इथे काढले!"

"आत न जाता बाहेर कसा येईल? भूत आहे का?"

याचं उत्तर टेकडीच्या वाटेवर होतं. चहा पिऊन मिशा पुसत मिस्त्रीकाका वर चालले होते, हातात मोठा पाना. वरच्या चौथऱ्यावर पाणी सोडायचं लाल चाक होतं. मिस्त्रीकाकांच्या पायात साधी चप्पल होती, पण पँट गुडघ्यापर्यंत ओली. तिच्यावर सिमेंटचे डाग!

"भोंग्या, चाक!" ताई ओरडली.

भोंगा सुटला. मिस्त्रीकाका वाटेने चालले होते, तो सरळ झुडपांतून चढला, गुडघे फोडून घेतले आणि मिस्त्रीकाका पोचायच्या आत लाल चाकावर मांड ठोकून बसला!

"ए पोरा, उतर! पाणी सोडायचंय."

"नाही उतरणार! आधी सांगा, तुम्ही टाकीत कुठून गेलात?"

"तुला काय करायचंय? सकाळी वरच्या झाकणातून शिडीने उतरलो. कोपऱ्यातली भेग बुजवत होतो."

"आणि बाहेर?"

"बाहेर या खालच्या दाराने. लोकांबरोबरच आलो. गमबूट तिथे टाकले, पिशवीतल्या चपला चढवल्या आणि..."

मिस्त्रीकाकांचं वाक्य अर्धंच राहिलं. ताई धापा टाकत पोचली होती. "वॉचमनकाकांचे दोन्ही आकडे सारखे आलेत आणि बुटांची एक जोडी उरलीय!" ती म्हणाली. पुढचं तिला समजावून सांगावं लागलं नाही. मिस्त्रीकाकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी आत जाताना मोजलो गेलोच नाही. बाहेर येताना मोजलो गेलो. तरी आकडे सारखे? अरे देवा! मग एकजण आत आहे!"

पुढचं सगळं पळापळीत झालं. वॉचमनकाका घाईत कुलपात किल्ली उलटीच घालत राहिले. शेवटी पिटुकलीने ती लावली. दिवे लागले. भोंगा दारात उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणी "हळू" न म्हणता जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडला, "कोणी आहे का?"

कितीतरी भोंगे उलटे ओरडले. ते सगळे थांबल्यावर लांबून एक बारीक आवाज आला, "इकडे, बाळा!"

अगदी आतल्या एका खांबाला टेकून एक आजी बसल्या होत्या. पाय मुरगळला होता. साडी भिजली होती. घंटा ऐकून घाईने निघाल्या आणि घसरल्या, हाका मारल्या त्या गर्दीच्या गोंगाटात विरून गेल्या.

"दिवे गेले, कुलपाचा आवाज ऐकला," त्या म्हणाल्या, "आणि वाटलं, आता माझी आठवण कोणाला येणार? मी एकटी राहते. रात्री घरी आले नाही म्हणून विचारणारं कोणी नाही."

पिटुकलीला रडू फुटलं. आजींनीच तिला जवळ घेतलं.

"आजी, पण तुम्ही इतक्या आत कशाला आलात?" ताईने विचारलं.

आजींनी खांबाकडे बोट केलं. पिवळ्या उजेडात गिलाव्यावर एका लहान हाताचा ठसा दिसत होता. पाचही बोटं स्पष्ट.

"माझा आहे. बाबा इथे गवंडी होते. मी डबा घेऊन यायची. गिलावा ओला होता, मी हात उमटवला. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, राहू दे, टाकी भरली की कोणाला दिसतंय! मग टाकी भरली. बाबा गेले. आता आज पाहिला, तो इतक्या वर्षांनी. बघते तर माझ्याच ठशात माझा हात मावेना!"

पिटुकलीने डोळे पुसले आणि न विचारता आपला हात त्या ठशावर ठेवला. अंगठ्याला अंगठा, करंगळीला करंगळी. एकही बोट कमी नाही, एकही जास्त नाही. आजी बघतच राहिल्या. मिस्त्रीकाकांनी तोंड फिरवून नाक पुसलं.

त्यांनीच मग आजींना उचलून बाहेर आणलं. एव्हाना आत्या फाटकाशी आली होती. ताईने तिला सगळं सांगितलं, भोंग्याने ते पुन्हा मोठ्याने सांगितलं. आत्याने तिघांना एकदमच कवेत घेतलं.

"माझ्या वर्गातली मुलंसुद्धा त्या आकड्यांना भुलली असती," ती म्हणाली. "खूप मोठं काम केलंत रे!"

वॉचमनकाका पुढे आले. त्यांनी दोन्ही यंत्रं खिशात टाकली आणि ताईपुढे हात जोडले. "पोरी, तू नसतीस तर मला जन्मभर झोप लागली नसती." मग त्यांनी रेडिओ बंद केला. मॅच अजून चालू होती, हे विशेष.

"घरी कोणाला कळवू, आजी?" आत्याने विचारलं.

"कोणालाच नाही गं."

"मग आज आमच्याकडे चला. पाय बरा होईपर्यंत तिथेच राहा. पोरं आहेतच तुम्हाला छळायला."

आजींनी होकारार्थी मान हलवली. ताईने निळे बूट आणले आणि सुजलेल्या पायाला धक्का न लावता एकच बूट घातला, दुसरा हातात धरला.

संध्याकाळ होत आली होती. मिस्त्रीकाका पाना घेऊन घुटमळत उभे होते. त्यांनी आधी टाकीच्या दाराकडे पाहिलं आणि मग आजींकडे.

"आजी," ते हळूच म्हणाले, "सोडू का पाणी?"

आजींनी पिटुकलीचा हात हातात घेतला.

"सोड, बाबा," त्या म्हणाल्या.

मग वर लाल चाक फिरलं, आणि टेकडीच्या पोटात पाणी शिरल्याचा आवाज ते सगळे मिळून ऐकत राहिले.