दुभंगलेलं थडगं

“दोर पुरत नाहीये,” लुबाक ओरडला.

“नीट ताण. काल पुरला होता.”

“ताणतोच आहे. तूच ये इकडे आणि ताणून दाखव, शहाणे.”

कदिगा आणि तिचा आतेभाऊ लुबाक फटीच्या दोन काठांवर उभे होते. मध्ये त्यांच्या पणजोबांचं दगडी थडगं होतं. अर्धं तिच्या बाजूला, अर्धं त्याच्या. परवा त्यांना ते असं दिसलं, पण पोरांचं कोण ऐकणार म्हणून घरी कुणाला सांगितलं नव्हतं. काल त्यांनी दोराला गाठ मारून अंतर मोजलं. आज ती गाठ वीतभर कमी पडत होती.

“म्हणजे गुरुजी सांगत होते ते हेच,” कदिगा म्हणाली. सेमेराच्या शाळेत सुट्टी लागायच्या आधी गुरुजींनी गरम भाकरी दोन्ही हातांनी ओढून दाखवली होती. जमीन अशीच दोन्हीकडे ओढली जाते, पातळ होते, फाटते. मग खालून वितळलेला खडक वर येतो, थिजतो आणि त्याचीच नवी जमीन होते. फटीच्या टोकाशी तसा काळा खडक वर आला होता. त्यावर धुळीचा कणही नव्हता, आणि आमच्या मुलखात धूळ नसलेली जमीन कुणी पाहिली आहे?

“ही जमीन माझ्यापेक्षा लहान?” कदिगाचा धाकटा भाऊ याय्यो म्हणाला.

“आठवड्याचीसुद्धा नसेल. हात लावू नकोस, गाढवा, भाजेल.”

याय्यो पोटावर पडून फटीत डोकावू लागला. एरवी हा पोरगा बडबडून डोकं खातो. आता त्याचा आवाज अगदी बारीक निघाला.

“ताई, खाली उंट आहे.”

दोन पुरुष खोलीवर मान दुमडून पडली होती ती त्यांच्या आईची सांडणी. तोच फाटका कान. हम्फारेमामा तीन दिवसांपूर्वी याच वाटेने आला होता. सांडणी विहिरीपलीकडच्या नातेवाइकांकडे दुधाला ठेवली, असं त्याने सांगितलं होतं. आणि वाट साफ आहे, असंही. त्याच्या भरवशावर उद्या पहाटे सगळा मुक्काम इथूनच जाणार होता. आठवा महिना लागलेली आई उंटावर बसून येणार होती. हा काठ उंटाचा भार सोसणार नव्हता.

“चल, आत्ताच्या आत्ता सांगू,” लुबाक म्हणाला.

“तुझं कोण ऐकणार? मामाने दागू दिलाय.”

आमच्यात वाटेवर दोन माणसं भेटली की कितीही घाई असो, खाली बसायचं आणि दागू द्यायचा. काय पाहिलं, काय ऐकलं, पाणी कुठे, चारा कुठे. त्यावर अख्खं कुळ चालतं. त्यात खोटं बोलणारा आमच्या लेखी मेलेला. पण पोरांचा दागू कुणी घेत नाही, आणि मला विचाराल तर हीच आमची मोठी चूक.

सांडणीची लाकडी घंटा वरच्या कपारीत अडकली होती. लुबाकने दोराला वाकडी काठी बांधून ती चौथ्या खेपेला काढली. खालून येणाऱ्या वाफेला पेटत्या आगकाडीसारखा वास होता. तिघंही खोकत घराकडे पळाले.

दुपारी बोदाया आजोबांभोवती मोठी माणसं बसली होती. कदिगा दुधाचं भांडं घेऊन सरळ मामासमोर गेली.

“मामा, येताना पणजोबांच्या थडग्यावर दगड ठेवलास ना?”

“ठेवला की. न ठेवता कसा येईन?”

“कोणत्या अर्ध्यावर?”

मामाचा हात भांड्यावरच थांबला.

“अर्ध्यावर म्हणजे काय गं?” आजोबांनी विचारलं.

लुबाकने घंटा चटईवर ठेवली. आईने ती उचलली. दोरीची गाठ तिनेच घातलेली होती. तिने घंटा भावाच्या मांडीवर ठेवली. मामाला तेच सोसवलं नाही.

“माझ्या हातून गेली ती,” तो म्हणाला. “फट सांगितली असती तर सांडणीचंही सांगावं लागलं असतं. लाज वाटली. उद्या मी पुढे राहून तुम्हाला वळवून नेणार होतो, ताई.”

“आणि बाकीच्यांना?” आजोबांनी विचारलं. “वाटेत किती जणांना दागू दिलास?”

“तीन मुक्कामांना.”

तडक माणसं धावली. दोन मुक्काम वेळेवर अडवले. तिसरा आदल्याच दिवशी निघून गेला होता. त्यांच्या चाळीस शेळ्या फटीच्या पार दुसऱ्या टोकाला आत पडल्या. त्यांना काढायला म्हातारा गुराखी खाली उतरला, आणि त्या वाफेतून तो वर आलाच नाही.

माणसं ही बातमी घेऊन परतली, तेव्हा आजोबांनी सगळ्यांसमोर कदिगाच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरांनो, आम्ही डोळे मिटून निघालो होतो. तुम्ही होतात म्हणून आम्ही आहोत. आजपासून तुमचाही दागू घेतला जाईल.” शाबासकी मोठी होती, पण कदिगाला म्हाताऱ्याशिवाय काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात मिठाचे उंट घेऊन दोन वाटसरू आले. आजोबांनी तिला पुढे केलं. तिने त्यांचे हात हातात घेतले, खाली बसली आणि सांगू लागली. फट, वाफ, नवा खडक, वळणाची वाट, चाळीस शेळ्या, म्हातारा. सांगताना कुणाचं ऐकून लोक तिकडे गेले हेही सांगावं लागतं. तिथे ती अडली.

मागे मामा एकटाच बसला होता. त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

“कदिगा,” तो म्हणाला, “नाव राहिलं.”

तिने नाव सांगितलं.