चौदा तासांवरचं घर

कियूमर्स दर शुक्रवारी टोरोंटोहून इराणात, यज्दला, आईला फोन करायचा. तिला तो नने म्हणे. आणि आई दर शुक्रवारी तेच विचारायची. "तुझं घर किती तासांवर आहे रे?"

"नने, नुसतं विमानातच चौदा तास. तुझे गुडघे कुठले टिकतात!"

गुडघ्यांना काय धाड भरली होती! नने उभा जन्म लोकांच्या घरी रोट्या भाजत आलेली. बोलणं गावंढळ, हातांवर तंदूरचे डाग. बायकोच्या, मितराच्या, तेहरानी माहेरच्यांत ती येऊन बसली, तर तोंड कुठे लपवायचं? मितराला त्याने सांगून ठेवलं होतं, आईच यायला तयार नाही. स्वतःच्या आईची लाज वाटते याचीही त्याला लाज वाटे, आणि मग तो घाईघाईने फोन ठेवी.

अलीकडे तिचा आवाज फार स्वच्छ येऊ लागला होता, शेजारच्या खोलीतून यावा तसा. "तू म्हणतोस तेवढं लांब नाहीये हं," ती एकदा म्हणाली. तो हसला होता.

गेल्या शुक्रवारी म्हणाली, "आता तू येऊ नकोस. मीच निघालेय. माझ्यामागे पाणी मात्र कुणी ओतलं नाही."

तो परदेशी निघाला तेव्हा तिने उंबऱ्यावर तांब्याच्या वाटीतून पाणी ओतलं होतं, लेक परत यावा म्हणून. नऊ वर्षांत तो फिरकला नव्हता. "या वेळी तिला घेऊनच येतो," असं मितराला सांगून तो निघाला.

यज्दच्या घराच्या दारावर काळं कापड होतं. त्याला बघून त्याची बहीण अख्तर जागीच थबकली.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

ती रडायलाच लागली. "ननेला जाऊन परवा चाळीस दिवस झाले. परमुलखात एकट्याने ऐकून तुझं काय झालं असतं? म्हणून लपवलं रे. तुझाही फोन आला नाही, बरंच वाटलं."

"केला की. दर शुक्रवारी. नने बोलली माझ्याशी."

अख्तरने कोनाड्याकडे पाहिलं. तिथे फोन होता, वायर गुंडाळून ठेवलेला. माती दिली त्याच दिवशी काढला होता.

कियूमर्सच्या खिशात मोबाइल वाजला. मितरा होती.

"कमाल करतोस! आईंना एकटंच पाठवलंस? सांगायचं तरी! आत्ताच आल्या, चहा दिलाय. किती गोड आहेत रे. आणि तू म्हणायचास..."

तो उंबऱ्याकडे बघत राहिला. उंबरा कोरडा ठणठणीत होता.

"ऐकतोयस ना? परत जायचं नाही म्हणतात. विचारतायत, तुला यायला किती तास लागतील?"

जिभेवर सवयीचंच आलं. "चौदा."

फोनमध्ये मागून नने हसली.

"एवढे कुठले लागतात, सूनबाई? मुद्दाम वाढवून सांगतो तो."