बोडीत उतरलेलं यान

"माही कथा चोरली," दिव्यानी म्हणाली आणि तिने दिवाळी अंक बापूरावांच्या टेबलावर आपटला. चहाचे कप हादरले.

बापूराव निवृत्त ग्रंथपाल. आरमोरीतल्या त्यांच्या पुढच्या खोलीत दर रविवारी विज्ञानकथांची वेडी माणसं जमत. बापूरावांच्या पेटीत जुनी, पिवळी पडलेली मासिकं होती. मुखपृष्ठांवर पपईसारखी गुबगुबीत यानं, आत १९९० सालीच मंगळावर संसार थाटलेली कुटुंबं. ती माणसं भाताऐवजी गोळ्या खात, आणि धानाच्या मुलखातली ही मंडळी ते ऐकून दरवेळी मनापासून चिडत. आधी जुनी कथा मोठ्याने वाचायची, हसायचं, भांडायचं. मग कुणीतरी स्वतः लिहिलेली वाचायची.

पावसाळ्यात दिव्यानीने तिची पहिलीच कथा वाचली होती. शेतातल्या बोडीत परग्रहाचं यान उतरतं आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांना आधी वाटतं, सरकारी मोजणीवाले आले. सगळे पोट धरून हसले होते. भद्रावतीहून बदलून आलेल्या शिक्षिका ज्योत्स्नामॅडमनी चहाच्या वेळी विचारलं होतं, "बोडी म्हणजे काय हो?" दिव्यानीने त्यांना मागच्या दारात नेऊन धानाला पाणी देणारं, मातीच्या पाळीचं लहानसं तळंच दाखवलं होतं. आदेश तेवढा चहाला थांबला नव्हता. तो मूळचा गडचांदूरचा, गडचिरोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचा. बैठकीत मोबाइल टेबलावर ठेवून सगळं टेप करायचा, बसमध्ये ऐकायला म्हणून.

"नागपूरच्या स्पर्धेवाल्याईचा फोन आला," दिव्यानीचा आवाज चिरकला. "म्हणे, ही कथा 'ध्रुवतारा' या टोपणनावानं आधीच छापून आली. चोरीचा माल पाठवता, लाज नाई वाटत? माह्यं नाव काढून टाकलं, बाई. माह्यीच कथा अन् मीच चोर."

'बाई' म्हणजे सत्यशीलाबाई रामटेके, निवृत्त पोलीस हवालदार. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर. खाकी उतरली, तरी आवाज उतरला नव्हता.

"संपादक काय म्हणते?"

"लेखकाचं नाव गुप्त आहे म्हणते."

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा हळूच लियाकतकडे वळल्या. बसस्टँडजवळ त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. बैठकीनंतर दिव्यानीचे कागद वाचायला त्यानेच नेले होते.

"लियाकतभाऊ, कागद तुमच्याकडेच होते ना?" सत्यशीलाबाईंनी सुरुवात केली.

"होते. वाचले अन् दिव्यानीले वापस केले."

"अजून कोणाले दाखवले?"

"कोणालेच नाई."

"मग छापून कशी आली? कागदाले पाय फुटले काय?"

"मले काऊन विचारून राह्यल्या?" लियाकतचे ओठ थरथरू लागले.

त्या थरथरीलाच त्यांनी कबुली समजलं. ठाण्यातली जुनी खोड. "चोराच्या मनात चांदणं," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. लियाकतने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग त्यांनी अंक ओढून घेतला आणि त्या मनातल्या मनात कथा वाचू लागल्या. संपादकाने वर लिहिलं होतं, 'थेट शेतकऱ्याच्या देहात उतरणाऱ्या यानाची अभिनव कल्पना!' खाली कथा: 'यान बॉडीत उतरलं. बॉडीच्या पाळीवर म्हशी बसल्या होत्या. बॉडीत कमळं फुलली होती.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. डोकं तापलं ते वेगळ्याच कारणाने.

"आता सगळ्याईले एकच विचारतो," त्या म्हणाल्या. "आधी सांगा, हा अंक वाचला कोण?"

दिव्यानीशिवाय कुणीच वाचला नव्हता. आदेशने मान हलवली. "मले तर कुठी भेटलाच नाई."

"बरं. दिव्यानीनं वाचलं तवा यान कुठी उतरलं?"

"बोडीत," बापूराव म्हणाले.

"तळ्यात. ती बोडी," ज्योत्स्नामॅडम म्हणाल्या.

लियाकत भिंतीकडे बघत म्हणाला, "बोडीत. अन् बायाईले मोजणीवाले वाटले."

"आदेश, तू?"

"बॉडीत."

"म्हणजे कुठी?"

"म्हणजे शरीरात. शेतकऱ्याच्या अंगात." तो हसला. "मस्तच आयडिया होती."

सत्यशीलाबाईंनी अंक त्याच्यासमोर सरकवला.

"अंगात कमळं फुलतेत काय रे?" सत्यशीलाबाई उठल्या. "अंगाच्या पाळीवर म्हशी बसतेत? ज्याच्या हाती कागद होता त्यानं 'बोडी' डोळ्यानं वाचली. ज्यानं चोरली त्याच्याकडं फक्त आवाज होता. टेप लावून टाइप केलं. बोडी माहीत नव्हती, म्हणून बॉडी ऐकली. मॅडमलेही माहीत नव्हती, पण त्याईनं विचारलं. तुले विचारायची लाज वाटली, चोरायची नाई वाटली. अन् अंक वाचला नाई म्हणतं, तर अंगात उतरलं हे तुले कोणं सांगतलं?"

आदेशचा चेहरा उतरला, पण तोंड बंद झालं नाही. "मी नसती पाठवली तर ते छापतच नव्हते. तिच्या गावठी बोलीले कोण विचारते? मी तिले सुधारलं."

"सुधारलं?" दिव्यानी त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "माह्यं तळं मेलेलं शरीर करून ठेवलं तू. लाव फोन. आधी स्पर्धेवाल्याले, मंग संपादकाले. आताच. स्पीकरवर."

त्याने आधी स्पर्धेवाल्यांना लावला. पलीकडून आवाज आला, "आपण कोण?" आदेश अडखळला. सत्यशीलाबाईंनी मोबाइल त्याच्या तोंडाजवळ नेला. त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं, चोरी सांगितली. पलीकडचा माणूस म्हणाला, "दिव्यानीताईंना फोन द्या. आम्हाला माफी मागायची आहे."

दिव्यानीने डोळे पुसले. बापूराव तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. ज्योत्स्नामॅडमनी तिला जवळ घेतलं. लियाकत मात्र दारात चपला घालत होता.

"लियाकतभाऊ, चहा घेऊन जा ना," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

तो वळला. त्याच्या आवाजात आता थरथर नव्हती.

"तिले चोर म्हटलं, तर तुमाले इतकी आग लागली, बाई. मले चोर म्हटलं तवा आग लागली नाई. कोणालेच नाई."

सत्यशीलाबाईंनी हात जोडले, पण तोवर तो पायऱ्या उतरून गेला होता.