उसंत

मिरजेत आता दारू सोडायला कुणी देवाची शपथ घालत नाही. कानामागे तांदळाएवढं यंत्र बसवून घ्यायचं, की झालं. त्याचं नाव उसंत.

कल्पना साधी होती. इच्छा सगळ्यांनाच होते. पण मेंदूचा पुढचा भाग तिला ब्रेक लावतो. उतावळ्या माणसात हा ब्रेक उशिरा लागतो. नको म्हणेपर्यंत ग्लास रिकामा झालेला असतो. असली माणसं व्यसनात लवकर सापडतात आणि उपचार अर्ध्यात सोडतात. उसंत इच्छेला हात लावत नसे, फक्त ब्रेक वेळेवर लावी. हे यंत्र बसवणाऱ्या डॉ. केतकी बापटांना खात्री होती, की जरा वेळ मिळाला तर माणूस स्वतःचं भलंच निवडतो. भोळ्या होत्या बिचाऱ्या!

ओंकार लोंढे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वरात निघण्याआधी जनरेटरच्या गाडीमागे वादकांत बाटली फिरते, ही त्या धंद्याची रीतच. उसंत बसवल्यावर वर्षभर ती त्याच्यापुढून तशीच गेली. मग एका लग्नात त्यानं घेतली. बायको प्रणाली त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन आली.

"मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय."

बापटबाईंनी दोनदा तपासलं. यंत्र ठणठणीत होतं.

"मग झालं काय, ओंकार?"

"काही नाही, मॅडम. बाटली आली, हात थांबला. मी नीट विचार केला. ही आठवली, पोरगी आठवली, लिव्हरचं तुम्ही सांगितलेलंही आठवलं. आणि मग घेतली."

"अहो, पण का?"

"मला आवडते. पूर्वी कळायच्या आत पोटात जायची, म्हणून हे कधी लक्षातच आलं नव्हतं." त्याच्या आवाजात ना लाज होती ना गुर्मी.

प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, ते काढून टाका."

"अहो, मग ते पुन्हा रोज पितील!"

"पिऊ देत. पूर्वी सकाळी माझे पाय धरून रडायचे. म्हणायचे, मी नव्हतो गं तो. मला खरं वाटायचं, म्हणून तर इतकी वर्षं राहिले. आता मी कुणाला माफ करू? ह्यांनी तर मला डोळ्यांपुढे आणून मग घेतली!"

बापटबाईंकडे उतावळेपणावर इलाज होता. शांतपणे ठरवलेल्या गोष्टीवर नव्हता. त्यांनी ओंकारकडे पाहिलं. त्याच्या संमतीशिवाय यंत्र काढता येत नव्हतं.

ओंकारनं बराच वेळ विचार केला. अगदी मनापासून केला.

"नको, मॅडम," तो म्हणाला. "राहू दे. मला असंच बरं वाटतं."

प्रणालीनं डोळे पुसले. मुलीला शाळेतून घेतलं आणि माहेरी जाणारी जतची एस.टी. धरली.